पाळण्यातले पाय : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील शाळकरी खेळाडूंची पारख व क्रमवारी

१. विषयाची व्याप्ती

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी मराठीत म्हण आहे. ती खरी की खोटी ह्याचा निर्णय घरगुती व्यवहारात क्वचितच करावा लागतो. कारण जो पुढे मोठा होतो त्याचेच पाळण्यातले पाय लोकांना आठवतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांनी मात्र ह्याच समजुतीच्या पायावर एक अवाढव्य व खर्चिक यंत्रणा उभारली आहे. सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी फुटबॉलपटूंना हेरणे, त्यांचा कस पाहणे, त्यांना गुण देणे आणि त्या गुणांनुसार त्यांची क्रमवारी लावून निवडक मुलांना शिष्यवृत्ती देऊ करणे, हे ह्या यंत्रणेचे कार्य होय.

येथे फुटबॉल ह्या शब्दाने अमेरिकन फुटबॉल समजावयाचा आहे. ह्या खेळात अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात किंवा फेकतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगबळाने अडवतात. शाळांचे सामने सामान्यतः शुक्रवारी रात्री, महाविद्यालयांचे शनिवारी आणि धंदेवाईक संघांचे रविवारी होतात. शाळांतून हा खेळ खेळणाऱ्या मुलांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. वरिष्ठ श्रेणीत खेळणारी महाविद्यालये १३० हून थोडी अधिक असून त्यांतील प्रत्येक महाविद्यालय वर्षाला साधारणतः वीस-पंचवीस नवे विद्यार्थी खेळासाठी घेत आले आहे. म्हणजे दर वर्षी सुमारे तीन हजार मुलांनाच हे दार उघडते. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च भागण्याचा हाच एक मार्ग असतो. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

लावलेली क्रमवारी ही खेळाडूच्या गुणवत्तेचा पुरावा आहे, असे सामान्यतः मानले जाते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती सर्वप्रथम पाहणाऱ्याच्या नजरेचा पुरावा ठरते. नजर कोठवर पोहोचत होती, कोणत्या साधनाने पाहत होती आणि कोणाकडे पाहण्याची तिला मुभा नव्हती, ह्यावर क्रमवारीत कोण आला व कोण राहून गेला हे बव्हंशी अवलंबून राहिले आहे. नियम, साधने आणि बाजार ह्यांच्या फेरबदलांबरोबर ही नजर कशी बदलत गेली, ह्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. तयार खेळाडूंचा काळ

रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सामना हा ह्या खेळाचा आरंभ मानला जातो. पहिली काही दशके शाळकरी मुलांची पारख करण्याचे कारणच पडले नाही. महाविद्यालयात कोण विद्यार्थी आहे आणि कोण नाही ह्याविषयीचे नियम इतके सैल होते की, भविष्यातील खेळाडू शोधण्यापेक्षा तयार खेळाडू आणणे अधिक सोयीचे होते. फील्डिंग योस्ट ह्यांचे उदाहरण ह्या बाबतीत नेहमी दिले जाते. पुढे मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून प्रसिद्धीस आलेले योस्ट १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्याच हंगामात ते लाफायेट महाविद्यालयाकडून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध खेळले, लाफायेटचा विजय झाला, आणि त्यानंतर ते आपल्या मूळ विद्यापीठात परतले.

१९०५ मध्ये हेन्री बीच नीडहॅम ह्यांनी ‘मॅक्लुअर्स’ मासिकातून ह्या प्रकारांवर प्रकाश टाकला. येल विद्यापीठाचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन हा वयाने विद्यार्थिदशा केव्हाच ओलांडलेला गृहस्थ असून त्याला सिगारेट विक्रीच्या एजन्सीपासून क्यूबाच्या सहलीपर्यंत अनेक सवलती मिळत होत्या, हे त्या लेखांतून लोकांसमोर आले. त्याच वर्षी मैदानावरील मृत्यू व दुखापती ह्यांमुळे खेळावर मोठे गंडांतर आले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ह्यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. वर्षअखेरीच्या हालचालींतून १९०६ मध्ये जी आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन झाली तिलाच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन हे नाव मिळाले. पुढे तिचा उल्लेख ‘राष्ट्रीय संघटना’ असा केला आहे.

नव्या विद्यार्थ्याने पहिले वर्ष मुख्य संघातून खेळू नये, तसेच दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्यानेही एक वर्ष थांबावे, असे निर्बंध ह्यानंतर क्रमाक्रमाने रूढ झाले. हेतू शुद्धीकरणाचा होता. परिणाम मात्र आणखी एक झाला. तयार खेळाडू आयता आणण्याची वाट अरुंद होताच प्रशिक्षकांची दृष्टी शाळांकडे वळली.

३. माजी विद्यार्थी, शिष्यवृत्ती आणि फिल्म

ह्या दुसऱ्या काळात पारख करण्याचे काम मुख्यतः माजी विद्यार्थ्यांकडे होते. गावोगावी स्थायिक झालेले वकील, व्यापारी व शिक्षक आपल्या परिसरातील होतकरू मुलांची नावे महाविद्यालयास कळवीत. प्रशिक्षकाने मुलाला प्रत्यक्ष पाहिलेले असेच असे नाही. तेव्हा शिफारस करणाऱ्याची पत हीच मुलाची पत ठरे. कार्नेगी प्रतिष्ठानाने हॉवर्ड सॅव्हेज ह्यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक शिक्षणसंस्थांची पाहणी करून ऑक्टोबर १९२९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ही भरती किती पद्धतशीर झाली होती आणि बहुसंख्य संस्थांत खेळाडूंना कोणत्या ना कोणत्या रूपाने आर्थिक साहाय्य कसे मिळत होते, ह्याचे तपशीलवार वर्णन आहे.

पैसा उघडपणे द्यावा की नाही, हा वाद त्यानंतर पाव शतक चालला. दक्षिणेतील साउथईस्टर्न कॉन्फरन्स ह्या महाविद्यालयसमूहाने १९३५ मध्ये खेळासाठीच्या शिष्यवृत्तीस उघड मान्यता दिली. राष्ट्रीय संघटनेने १९४८ मध्ये ‘सॅनिटी कोड’ ह्या नावाने कडक नियमावली केली. परंतु ती मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याच्या ठरावास १९५० मध्ये दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि पुढच्याच वर्षी ती नियमावली रद्द झाली. अखेरीस १९५६ मध्ये गरजेचा विचार न करता केवळ क्रीडागुणांवर पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास संघटनेने संमती दिली. १९६४ मध्ये राष्ट्रीय संमतिपत्राची प्रथा सुरू झाली. मुलाने एकदा त्यावर सही केली की इतर महाविद्यालयांनी त्याचा पाठलाग थांबवावा, अशी ही व्यवस्था होती. ती पुढे साठ वर्षे, म्हणजे २०२४ पर्यंत टिकली. शिष्यवृत्ती ही आता लेखी देवघेव झाली. देणाऱ्याला आपण काय घेत आहो ह्याची खात्री हवी होती.

ह्याच सुमारास खेळाच्या नियमांतील एका बदलाने पारखीचा विषयच बदलला. १९५३ पासून काही वर्षे खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती. त्यामुळे एकाच खेळाडूला चढाई व बचाव ही दोन्ही कामे करावी लागत. १९६५ मध्ये ही बंधने उठली आणि चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, अशी पद्धत रूढ झाली. पूर्वी प्रशिक्षक ‘चांगला खेळाडू’ शोधत असे; आता तो विशिष्ट जागेसाठी विशिष्ट बांध्याचा माणूस शोधू लागला. खेळाडूंची तुलना प्रत्येक जागेच्या स्वतंत्र कसोटीवर होऊ लागली, हे आधुनिक क्रमवारीचे पहिले लक्षण होय.

दुसरे साधन १६ मिलिमीटरच्या फिल्मचे. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांचे सामने चित्रित करण्याचा प्रघात वाढला आणि फिल्मची रिळे टपालाने प्रशिक्षकांकडे जाऊ लागली. शिफारसपत्राच्या जागी डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आला, हे खरे. तथापि फिल्म घेण्याइतका पैसा ज्या शाळेकडे नव्हता तिचा खेळाडू ह्या पुराव्यातून वगळला गेला, हेही तितकेच खरे आहे.

४. ज्यांना पाहण्याची मुभा नव्हती

नजरेची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसते ती दक्षिणेतील वर्णभेदाच्या संदर्भात. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील मोठी महाविद्यालये कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नव्हती. त्यांच्या नोंदवह्यांत त्या राज्यातील उत्तम मुलांची जी क्रमवारी असे, ती वस्तुतः त्या राज्यातील गोऱ्या मुलांची क्रमवारी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी ग्रॅम्ब्लिंगसारखी कृष्णवर्णीयांची महाविद्यालये होती. तेथील प्रशिक्षक एडी रॉबिन्सन ह्यांनी अनेक दशके अशा मुलांतून धंदेवाईक दर्जाचे खेळाडू घडविले. दुसरा मार्ग उत्तरेकडे जाणारा होता.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डफी डॉहर्टी ह्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय शाळाप्रशिक्षकांशी घनिष्ठ संबंध जोडले. त्यांच्या १९६६ च्या संघात टेक्सासमधील बोमाँटचा बुबा स्मिथ, साउथ कॅरोलिनातील अँडरसनचा जॉर्ज वेब्स्टर, टेक्सासमधील ला पोर्टचा जीन वॉशिंग्टन हे खेळाडू होते. त्या वर्षी १९ नोव्हेंबर रोजी नोत्र दाम विद्यापीठाशी झालेला त्यांचा १०–१० असा बरोबरीचा सामना विख्यात आहे. १९६७ मध्ये धंदेवाईक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची जी वार्षिक निवड केली, तीत पहिल्या आठ नावांत चार मिशिगन स्टेटची होती : पहिला स्मिथ, दुसरा क्लिंट जोन्स, पाचवा वेब्स्टर आणि आठवा वॉशिंग्टन. ह्या चौघांपैकी ओहायोचा जोन्स वगळता तिघे अशा राज्यांतून आलेले होते, जेथील मोठ्या विद्यापीठांच्या लेखी ते जणू अस्तित्वातच नव्हते. क्रमवारी कशी फसते ह्याचा ह्याहून बोलका दाखला मिळणे कठीण. चूक येथे मोजमापाची नव्हती. मापाला हात लागण्यापूर्वीच मुलगा यादीबाहेर होता.

ही भिंत हळूहळू खचली. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने १९६५ मध्ये जेरी लिव्हायसला शिष्यवृत्ती दिली. १९६७ मध्ये केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन हा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरला. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅम येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाचा ४२–२१ असा पराभव केला. त्यात सॅम कनिंगहॅम ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्डांची मजल मारली. ह्या एका सामन्यामुळे अलाबामाचे डोळे उघडले, अशी लोककथा रूढ आहे. परंतु विल्बर जॅक्सन ह्या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्यापूर्वीच शिष्यवृत्ती दिली होती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नसल्याने तो मैदानात दिसला नाही, इतकेच.

ह्या परिवर्तनाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहते. शाळांचे एकत्रीकरण झाले तेव्हा कृष्णवर्णीयांच्या अनेक शाळा बंद पडल्या आणि तेथील मुख्य प्रशिक्षकांना नव्या शाळांत दुय्यम स्थान मिळाले. ज्यांनी ही मुले पिढ्यान्‌पिढ्या पारखली होती तेच जाणते डोळे व्यवस्थेतून बाजूला सारले गेले.

यादीत नाव आल्यानेही भेद संपला नाही. जॉन लॉय व जोसेफ मॅकएल्व्होग ह्या समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये धंदेवाईक बेसबॉल व फुटबॉल ह्यांचा अभ्यास करून दाखविले की, संघाच्या मध्यवर्ती जागा गोऱ्यांकडे आणि परिघावरील जागा कृष्णवर्णीयांकडे जाण्याचा स्पष्ट कल होता. फुटबॉलमध्ये चढाईचे सूत्रचालन करणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. लॉस एंजेलिसचा वॉरन मून ह्याला ह्याच जागी खेळावयाचे होते. मोठ्या महाविद्यालयांना मात्र तो इतर जागी हवा होता. तो प्रथम दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात गेला, तेथून वॉशिंग्टन विद्यापीठात आला आणि जानेवारी १९७८ च्या रोझ बोल सामन्यात सर्वोत्कृष्ट ठरला. तरीही त्या वर्षी एकाही धंदेवाईक संघाने त्याची निवड केली नाही. कॅनडात कीर्ती मिळवून तो परतला आणि २००६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला.

५. चुकीची किंमत वाढते

शाळकरी खेळाडूंच्या क्रमवारीचा व्यवसाय नेमका १९७० नंतरच का फोफावला, ह्या प्रश्नाचे उत्तर नियमांत सापडते. तोपर्यंत श्रीमंत महाविद्यालयांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर राष्ट्रीय बंधन नव्हते. जॉनी मेजर्स ह्यांनी १९७३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाची सूत्रे घेताच एका वर्षात सत्तरांहून अधिक खेळाडू घेतले. टोनी डॉर्सेट हा त्यांतलाच एक, आणि १९७६ मध्ये हा संघ राष्ट्रविजेता झाला. इतकी मुले घेता येत असताना आधी बारकाईने पारख करण्याची गरज नसते. धान्य घरात आणावे आणि मग पाखडावे, असा हा प्रकार होता. ज्यांचे कोंड्यासारखे पाखडणे झाले त्या मुलांचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे.

१९७३ मध्येच राष्ट्रीय संघटनेने एका संघासाठी एकूण १०५ आणि वर्षाला नव्या ३० शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही एकूण मर्यादा ९५ वर आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली. आता प्रत्येक चुकीच्या निवडीमुळे एक मोलाची जागा अडू लागली. शिवाय १९७२ पासून प्रथम वर्षाचे विद्यार्थीही मुख्य संघातून खेळू लागले. त्यामुळे शाळेतून आलेल्या मुलाकडून तत्काळ फळाची अपेक्षा होऊ लागली. एका बाजूला चूक महाग झाली, दुसऱ्या बाजूला धीर कमी झाला. ह्या दोहोंच्या मध्ये पारखीचा बाजार उभा राहिला.

‘परेड’ ह्या साप्ताहिकाने १९६३ पासून शाळकरी खेळाडूंचा राष्ट्रीय मानाचा संघ जाहीर करण्यास प्रारंभ केला होताच. १९७० च्या दशकात फोर्ड मोटार कंपनीत नोकरी करणारे जो टेरानोव्हा ह्यांनी छंद म्हणून देशभरच्या खेळाडूंची व महाविद्यालयांच्या भरतीची वार्षिक प्रतवारी लावण्यास सुरुवात केली. त्या दशकाच्या अखेरीपासून शिकागोचे टॉम लेमिंग मोटारीने गावोगाव हिंडून मुलांना प्रत्यक्ष भेटू लागले. १९८० च्या दशकात ॲलन वॉलेस ह्यांचे ‘सुपरप्रेप’ हे नियतकालिक निघाले. ह्या मंडळींचे ग्राहक महाविद्यालयांपुरते मर्यादित नव्हते. वर्गणीदारांत मोठा भरणा हौशी चाहत्यांचा होता. ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रशिक्षकाची यादी ही त्याची गुप्त ठेव असते. चाहत्यांसाठी छापलेली यादी जाहीर असते आणि ती खपावी लागते. संशयापेक्षा निश्चिती अधिक खपते, हा बाजाराचा नियम तिलाही लागू पडला.

ह्याच काळातील मार्कस डुप्रीची कथा बोधप्रद आहे. डुप्रीचा जन्म मे १९६४ मध्ये मिसिसिपीतील फिलाडेल्फिया ह्या गावी झाला. पुढच्याच महिन्यात ह्या गावाजवळ नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. सतरा वर्षांनी त्याच गावात ह्या कृष्णवर्णीय मुलाच्या दारी देशातील नामवंत प्रशिक्षकांची रीघ लागली. लेखक विली मॉरिस ह्यांनी १९८३ मध्ये ह्या प्रियाराधनावर एक ग्रंथच लिहिला. डुप्री ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. १ जानेवारी १९८३ च्या फिएस्टा बोल सामन्यात त्याने जेमतेम अर्धा वेळ खेळून २३९ यार्डांची मजल मारली आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये तो विद्यापीठ सोडून गेला. त्याच्या पायांविषयी पारख्यांचे अनुमान अचूक होते. एकोणीस वर्षांच्या मुलाला घरापासून दूर, कठोर शिस्तीच्या वातावरणात काय वाटेल, हे कोणत्याच रकान्यात नोंदले गेले नव्हते.

६. आकड्यांची भाषा

महाविद्यालयीन पारखीची परिभाषा बरीचशी धंदेवाईक संघांकडून आली. ४० यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या धावेची वेळ घेण्याच्या प्रथेचे श्रेय क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन ह्यांना दिले जाते. लाथाडलेला चेंडू साधारणतः तितक्या अंतरावर पडतो आणि तेथवर खेळाडूने वेळेत पोहोचावे, हा त्यामागील साधा हिशेब. पुढे हा आकडा प्रत्येक शाळकरी मुलाच्या नावापुढे लागू लागला. हातातील घड्याळाने घेतलेली वेळ विद्युत्‌यंत्राने घेतलेल्या वेळेपेक्षा सामान्यतः कमी भरते. तेव्हा दोन गावांतील दोन आकडे दिसावयास सारखे असले तरी त्यांचा अर्थ एकच असतो असे नाही.

डॅलस काउबॉइज ह्या धंदेवाईक संघाने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी महाविद्यालयीन खेळाडूंच्या मूल्यमापनासाठी संगणकाचा उपयोग करण्याचे ठरविले. ह्या कामी त्यांनी सलाम कुरेशी ह्या भारतीय संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले. अडचण यंत्राची नव्हती, भाषेची होती. एका पारख्याचा ‘चपळ’ हा शब्द दुसऱ्याच्या ‘चपळ’ शब्दाशी जुळत नसे. म्हणून शील, शरीरनियंत्रणासह चपळता, झुंजारपणा, बौद्धिक तत्परता आणि स्फोटक शक्ती असे मोजके गुण ठरवून, प्रत्येकाविषयी ठरीव विधानांना अंक देण्याची पद्धत बसविण्यात आली. कुरेशी ह्यांना हा खेळ मुळीच परिचयाचा नव्हता. परंतु पारख्याच्या मताबरोबर त्या पारख्याचे मोजमापही झाले पाहिजे, हा त्यांच्या पद्धतीतील विचार ह्या लेखाच्या विषयाच्या अगदी मर्माशी जातो.

अभ्यासातील पात्रताही ह्याच काळात आकड्यांत आली. राष्ट्रीय संघटनेने १९८३ मध्ये संमत करून १९८६ पासून अमलात आणलेल्या ‘प्रपोझिशन ४८’ नुसार ११ मूलभूत विषयांत २·० सरासरी आणि एसएटी ह्या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुण आवश्यक ठरले. ही परीक्षा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अन्यायकारक आहे, असा आक्षेप कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या प्रमुखांनी घेतला. पुढे नियमात अनेक फेरफार झाले आणि २०२३ मध्ये वरिष्ठ श्रेणींसाठी अशा परीक्षेची अट काढून टाकण्यात आली.

७. ताऱ्यांचे राज्य

१९९८ मध्ये सिॲटल येथे ‘रायव्हल्स’ ही इंटरनेटवरील कंपनी निघाली. २००१ मध्ये ती बुडाली, शॅनन टेरी ह्यांच्या व्यवस्थापनाखाली पुन्हा उभी राहिली आणि २००७ मध्ये ‘याहू’ने ती विकत घेतली. टेरी ह्यांनीच २०१० मध्ये ‘२४७ स्पोर्ट्स’ ही दुसरी संस्था काढली. एक ते पाच ताऱ्यांची खूण ह्या संस्थांमुळे घरोघर पोहोचली. वेगवेगळ्या संस्थांची मते एकत्र करून काढलेला संमिश्र गुणांकही प्रचारात आला. आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या नव्या तुकडीस एकच आकडा देऊन महाविद्यालयांची क्रमवारी लावणे सोपे झाले.

‘२४७ स्पोर्ट्स’ने पाच ताऱ्यांचे खेळाडू वर्षाला ३२ असावेत असे ठरविले. हा आकडा कोठून आला? धंदेवाईक संघांच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात, तेथून. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला मिळालेले तारे तो आज कसा खेळतो हे सांगत नाहीत. तीन-चार वर्षांनी धंदेवाईक बाजारात त्याची काय किंमत होईल, ह्याचे ते भाकीत असते. १८९६ मध्ये पारख भूतकाळाची होती. आता ती भविष्याची झाली.

ह्या भाकितात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पाच ताऱ्यांच्या मूठभर मुलांतून धंदेवाईक खेळाडू निघण्याचे प्रमाण तीन किंवा दोन ताऱ्यांच्या मुलांपेक्षा पुष्कळच अधिक असते. परंतु दोन-तीन ताऱ्यांची मुले संख्येने इतकी जास्त असतात की, धंदेवाईक संघांत प्रत्यक्षात भरणा त्यांचाच अधिक दिसतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिले विधान प्रमाणाचे आहे, दुसरे संख्येचे. क्रमवारीचे समर्थक पहिले सांगतात, टीकाकार दुसरे.

तथापि क्रमवारीत एक चक्राकार दोष आहे. एखाद्या मुलाला नामांकित महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊ केली ही बातमी गुणांकन करणाऱ्यांच्या समोर असते, आणि तिचा परिणाम त्यांच्या मतावर होणे स्वाभाविक आहे. उलटपक्षी, ताऱ्यांची संख्या चाहत्यांच्या तोंडी असल्याने प्रशिक्षकावरही तिचे दडपण येते. एकाचे मत दुसऱ्याच्या मताचा पुरावा बनते आणि दोघेही स्वतंत्र साक्षीदार असल्यासारखे भासतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हा दोष परिचित आहे. दोन बखरी एकाच जुन्या बखरीवरून उतरलेल्या असतील तर त्यांचे एकमत हा पुरावा होत नाही.

जोश ॲलनचे उदाहरण अलीकडचे आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यातील फायरबॉ ह्या लहानशा गावातील हा क्वार्टरबॅक शाळेत असताना सडपातळ होता. वरिष्ठ श्रेणीतील एकाही महाविद्यालयाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. रीडली येथील दोन वर्षांच्या महाविद्यालयातून त्याने प्रशिक्षकांना स्वतःच पत्रे धाडली आणि अखेर तो वायोमिंग विद्यापीठात गेला. २०१८ मध्ये धंदेवाईक निवडीत तो सातवा होता आणि २०२४ च्या हंगामात सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. विस्कॉन्सिनच्या जे. जे. वॉटला शाळेत असताना दोनच तारे मिळाले होते. सेंट्रल मिशिगन विद्यापीठ सोडून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात आला तो शिष्यवृत्तीशिवाय. अशा उदाहरणांवरून सर्व पारख व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांवरून इतकेच दिसते की, ज्याचे शरीर उशिरा भरते आणि ज्याचे गाव वाटेवर नाही, त्याच्या बाबतीत चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. २००६ मध्ये नेब्रास्कातील लिंकन येथे स्थापन झालेल्या ‘हडल’ ह्या कंपनीमुळे कोणत्याही शाळेच्या सामन्याचे चित्रण प्रशिक्षकापर्यंत क्षणात पोहोचू लागले, हे खरे. पण चित्रण पोहोचणे आणि ते कोणी पाहणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. उपसंहार

२०१८ नंतरच्या घडामोडींनी ह्या इतिहासाला एक अनपेक्षित वळण दिले. त्या वर्षी महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची खुली नोंदणी सुरू झाली. २०२१ मध्ये अशा खेळाडूने एक वर्ष थांबावे हे जुने बंधन प्रथम बदलापुरते उठले आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसा मिळविण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला आणि शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. साहजिकच अनेक प्रशिक्षक शाळकरी मुलाच्या भाकितापेक्षा दुसऱ्या महाविद्यालयात सिद्ध झालेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला पसंती देऊ लागले. योस्ट ह्यांचा काळ जणू नियमांच्या छत्राखाली परत आला. ह्यात नुकसान आहे ते शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, पूर्ण वाढ न झालेल्या मुलाचे; कारण त्याच्यासाठी राखलेली जागाच कमी झाली.

ह्या विवेचनावरून असे दिसून येते की, पारखीची साधने सतत सुधारत गेली तरी प्रत्येक साधनाने आपली स्वतंत्र सावली टाकली. शिफारसपत्राच्या काळात अनोळखी मुलगा राहून गेला, फिल्मच्या काळात गरीब शाळेतील मुलगा, आणि वर्णभेदाच्या काळात तर एक संपूर्ण समाज राहून गेला. ताऱ्यांच्या काळात उशिरा वाढणारा व आडगावचा मुलगा मागे पडतो. शाळकरी खेळाडूंच्या जुन्या याद्या इतिहासाचे साधन म्हणून वाचावयाच्या असतील तर त्यांवरील पहिले नाव कोणाचे आहे, एवढे पाहून भागणार नाही. ती यादी कोणी केली, कोणासाठी केली आणि ती करताना त्याला कोणते रस्ते बंद होते, हे प्रथम विचारले पाहिजे. पाय पाळण्यात दिसतातही. परंतु कोणाच्या पाळण्यापाशी कोण उभे होते, ह्याचा इतिहास त्याआधी लिहावा लागतो.